नमुना क्रमांक एक

रात्री साडेनऊला, जेवणं उरकून,
मी नायनाला चिन्हं विचारते.
लाल गोल म्हणजे हुकूम.
लाल त्रिकोण म्हणजे जपून.
निळा चौकोन नुसतं सांगतो :
पुढं दवाखाना आहे, पुढं पेट्रोल आहे,
ऐकायचं तर ऐका.

नायना म्हणतो, निळा माणूस बरा.

पंधरा प्रश्न, नऊ बरोबर हवेत,
एकाला तीस सेकंद.
तीस सेकंदांत तो एके काळी
तुटलेला धागा हुडकून, गाठ मारून,
माग पुन्हा चालू करून
तंबाखू मळायला मोकळा असायचा.
आता 'प्रवेश बंद' आणि 'थांबण्यास मनाई'
यांतला फरक डोळ्यांसमोर धरेपर्यंत
मोबाइलवरची पट्टी संपते.

तीस वर्षं लूना चालवली त्यानं.
मागं चादरींचा गठ्ठा, गठ्ठ्यावर मी,
अशोक चौकातून भद्रावती पेठेत.
लायसन कुणी विचारलं नाही.
विचारलं तर एक नॅपकिन द्यायचा.
आता माग भंगारात गेले, किलोच्या भावानं,
आणि तो म्हणतो इ-रिक्षा घेऊ,
घरकुलातल्या बायका विडी कारखान्यावर सोडू.
रिक्षाला नॅपकिन चालत नाही.

अरुंद पुलावर समोरून गाडी आली तर?
"त्याच्याकडं वजन किती हाय ते बघायचं."
नायना, हे पर्यायात नाही.
"मग लिहिणाऱ्यानं कधी वजन ओढलं नाही बघ."
मी फुली मारते.
कोपऱ्यात फर्म्यावर पान ठेवून
अम्मा विडीची पानं कातरते आहे.
मान वर न करता म्हणते : ब.
ब बरोबर असतो.

मग फॉर्म. राजमल्लू नरसय्या येमूल, वय चोपन्न.
नमुना क्रमांक एक.
नमुना म्हटलं की त्याची बोटं हवेत चालू होतात :
जेकार्डच्या पट्ट्या,
भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली,
असं करत करत हजार भोकांनंतर मोर.
तो नमुना नव्हे, मी म्हणते,
यात तब्येतीचं खरं खरं लिहायचं.
पण इथंही तेच, भोक आहे किंवा नाही.

फेफरं येतं का? नाही.
लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का?
नायना हसला, दाढा दिसेपर्यंत.
"कुठला लाल?"
डाळिंबी, विटकरी, कुंकवाचा, आणि तो एक,
दुसऱ्याच डायिंगमधून आलेला, पोतं फोडताच
त्यानं ट्यूबलाइटखाली पकडलेला.
मालकानं त्या दिवशी चहा पाजला होता.
मी 'हो'वर खूण केली. एवढ्याशा चौकटीत
तेवढे लाल मावत नव्हते.

रात्री दिसायला त्रास? रात्रपाळीची नजर ती.

साधा ध्वनिसंकेतही ऐकू येऊ नये
इतके बहिरे आहात काय?

मी नेहमीच्या आवाजात वाचलं.
तो मोबाइलवरच्या नागमोडी वळणाकडं बघत राहिला.
पुन्हा वाचलं.
अम्माची कात्री थांबली.

आमच्याकडं सगळे मोठ्यानं बोलतात.
नव्या शेजाऱ्यांना वाटतं, रोज भांडणं.
आठ माग, पत्र्याचं छत, एकतीस वर्षं,
आम्ही वरच्या पट्टीत बोलायला शिकलो,
कुणी ठरवून शिकवलं नाही.

"काय विचारलंस?"
मी ओरडून सांगितलं, मागून हॉर्न वाजला तर काय करशील?
"बाजूला होईन की. दुसरं काय?"

उद्या साडेदहाला विजापूर रोडला आरटीओ.
ती चौकट मी तशीच सोडली,
पेनाचं टोपण लावलं, काढलं.
नायना कूस बदलून झोपला,
उजव्या कानावर, म्हणजे बऱ्या कानावर.

अम्मानं मांडीवरचा पानांचा चुरा झटकला,
मोबाइल आपल्याकडं ओढला,
चष्मा नाकावर घेतला
आणि बोटानं पडदा वर सारत
पहिल्यापासून सुरू केलं :
लाल गोल म्हणजे